चार शब्दांत मुलं किती?

शेख समीर शेख नजीर. या चार शब्दांत मुलं किती आहेत, असा प्रश्न पाटोद्याच्या बसस्थानकावर कुणालाही विचारा. विचारणाराच येडा आहे अशा नजरेनं तो बघेल आणि सांगेल, एक. पोराचं नाव समीर, बापाचं नजीर. त्यात काय विचारायचं? हाच प्रश्न मी पुण्यातल्या एका सहकाऱ्याला विचारला. तो जरा थांबला आणि म्हणाला, "दोन ना? शेख समीर आणि शेख नजीर. भाऊ असतील." संगणकाला विचारलं, तर त्याचं उत्तर आलं की शब्द चार आहेत. त्याला तेवढंच कळतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

दोष माझा होता. तो कसा घडला आणि त्यातून मला काय वाटू लागलं, ते सांगण्यासाठी हा लेख. (नावं बदलली आहेत. शेख समीर शेख नजीर नावाचे शंभर जण आपल्या मराठवाड्यात असतील, त्यातल्या कुणाविषयी हे नाही.)

मी पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो. घर पाटोद्याला, काम पुण्याचं, त्यामुळे महिन्यातले काही दिवस इकडे आणि काही तिकडे. गावातल्या एका ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासला मी फुकटात एक छोटी सोय करून दिली होती. क्लासमधल्या ऑपरेटरने पडद्यावरच्या चौकटीत मुलांची नावं टाकायची आणि बटण दाबायचं. मागे माझा प्रोग्रॅम चालायचा आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र छापून निघायचं. कोणत्या दिवशी काय छापलं याची नोंद प्रोग्रॅम एका फाइलमध्ये करून ठेवायचा. अशा फाइलला आमच्या धंद्यात लॉग म्हणतात. तलाठ्याचं दप्तर असतं, तसं ते प्रोग्रॅमचं दप्तर.

एका बॅचच्या प्रमाणपत्रांवर तारीख चुकली. सगळी परत छापायची होती. तोवर क्लासच्या संगणकाची हार्डडिस्क गेलेली. लॉगची एक प्रत माझ्या ई-मेलमध्ये होती. मी ऑपरेटरला सांगितलं, काळजी करू नको, लॉगमध्ये सगळं आहे. फाइल उघडली आणि माझंच तोंड उतरलं. नावं सगळी होती, स्पेलिंगसकट. पण एका नावाचा शेवट कुठे आणि दुसऱ्याची सुरुवात कुठे, हे कुठेच नव्हतं. शब्दांमागून शब्द, मध्ये एकेक मोकळी जागा. '...शेख समीर शेख नजीर शेख मोहसीन शेख बशीर...' ही दोन मुलं की चार?

हे झालं कसं, ते समजून घ्यायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. संगणकाला हुकूम द्यायची एक जुनी रीत म्हणजे काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. ओळीतला पहिला शब्द म्हणजे काम. पुढचे शब्द म्हणजे कशावर काम करायचं आणि कसं करायचं. या पुढच्या शब्दांना अर्ग्युमेंट म्हणतात. ओळ लिहिली की ती आधी शेल नावाच्या मध्यस्थाकडे जाते. शेल तिचे तुकडे करतो. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तोडायचं, हा त्याचा नियम. मग ज्या नावातच मोकळी जागा आहे त्याचं काय? त्याला अवतरण चिन्हांत ठेवायचं. 'शेख समीर शेख नजीर' असं चिन्हांत लिहिलं, की शेल त्याला एकच तुकडा मानतो.

पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. तुकडे झाले की अवतरण चिन्हांचं काम संपतं. शेल ती काढून टाकतो आणि प्रोग्रॅमच्या हातात नुसती यादी देतो: पहिला तुकडा हा, दुसरा हा. यादीत प्रत्येक तुकडा वेगळा असतो, म्हणून तिथवर सगळं ठीक असतं. घोटाळा होतो तो ही यादी पुन्हा एका ओळीत लिहायला गेल्यावर. मी लॉग लिहिताना नेमकं तेच केलं होतं. सगळे तुकडे घेतले, मध्ये एकेक मोकळी जागा टाकली, आणि ओळ फाइलमध्ये लिहिली. नावातली मोकळी जागा आणि दोन नावांमधली मोकळी जागा, दोन्ही सारख्याच दिसू लागल्या. एका ओळीची चूक. लिहिताना तीन सेकंद लागले असतील.

मी काही पहिला गाढव नाही. हा घोटाळा शेलइतकाच जुना आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यातच सगळी अर्ग्युमेंटं मागायच्या दोन रीती होत्या. डॉलरच्या चिन्हापुढे तारा काढला आणि त्याला अवतरणात ठेवलं, तर सगळे तुकडे चिकटून एक लांबलचक ओळ मिळते. ताऱ्याऐवजी ई-मेलच्या पत्त्यातलं ॲटचं चिन्ह काढलं, तर प्रत्येक तुकडा आपापला राहतो. आजही शिकाऊ पोरं पहिली रीत वापरतात आणि मोकळी जागा असलेल्या फाइलींवर आपटतात. लिनक्सवर चालू असलेल्या कामांची यादी मागितली, तर ती दाखवणारा प्रोग्रॅमही तुकडे मोकळी जागा घालूनच दाखवतो. खुद्द लिनक्सकडे मात्र दोन तुकड्यांमध्ये शून्याची खूण घातलेली प्रत असते. दूरच्या संगणकावर हुकूम पाठवायचं एसएसएच हे साधन तर सगळे तुकडे जोडून एक ओळ करतं आणि पलीकडचा शेल ती ओळ पुन्हा नव्याने तोडतो. इकडे नीट बांधलेली गाठ तिकडे सुटलेली असते.

यावर उपाय आहेत. पायथन भाषेच्या ३.८ या आवृत्तीत, म्हणजे २०१९ साली, शेलेक्स या विभागात जोडणीचं एक खास फंक्शन आलं. ते तुकडे जोडताना जिथे गरज आहे तिथे अवतरण चिन्हं परत घालतं. बॅश या शेलमध्ये छपाईची एक खूण आहे, ती हेच काम करते. अशा रीतीने जोडलेली ओळ पुन्हा तोडली, तर तेच तुकडे मिळतात. मी यातलं एक वापरलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण या उपायांनाही एक मर्यादा आहे, आणि माझा खरा मुद्दा तिथे सुरू होतो. या साधनांनी जोडलेली ओळ मूळ ओळीसारखी चालते. ती मूळ ओळ नसते. लिहिणाऱ्याने एकेरी अवतरण वापरलं होतं की दुहेरी, हे गेलेलं असतं. त्याने तारा टाकून 'या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली' म्हटलं होतं की एकेक नाव हाताने लिहिलं होतं, हे कळत नाही, कारण तारा शेलनेच आधी उलगडलेला असतो. पुढे प्रोग्रॅम स्वतः तुकड्यांचा अर्थ लावतो, तेव्हा आणखी काही गळतं. छोटा पर्याय वापरला की त्याचंच लांब रूप, कोणता आधी लिहिला आणि कोणता नंतर, अमुक किंमत माणसाने दिली की त्याने काहीच न सांगितल्यामुळे प्रोग्रॅमने आपल्या मनाने भरली. पायथनमध्ये अर्ग्युमेंटांचा अर्थ लावायला आर्गपार्स नावाचं साधन आहे. त्यात अर्थ लावायची सोय आहे. लावलेल्या अर्थावरून मूळ हुकूम परत उभा करायची सोय नाही. ती विसरून राहिलेली नाही. जे गळून गेलं ते परत आणायचं कुठून?

म्हणून जाणते लोक एक साधी गोष्ट करतात. तोडण्याआधी मूळ ओळ जशीच्या तशी बाजूला ठेवतात. पुण्याच्या हवामान विभागाकडे १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची चौकटीवार आकडेवारी आहे. आमच्यासारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला तिची किंमत सांगायला नको. अशा फाइलींवर काम करायची जी साधनं जगभर वापरली जातात, त्यांतली काही प्रत्येक वेळी आपल्याला दिलेला हुकूम फाइलीतच 'इतिहास' या रकान्यात लिहून ठेवतात. पाच वर्षांनी कुणी विचारलं की हा आकडा आला कुठून, तर उत्तर त्याच फाइलीत असतं.

आता परत पाटोद्याला येतो. लॉग समोर ठेवून मी आणि ऑपरेटर बसलो. तो म्हणाला, "सर, सोपं आहे. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. तीन-तीन शब्द मोजायचे." त्याचं म्हणणं चुकीचं वाटायचं कारण नव्हतं. शाळेच्या हजेरीपटावर असंच असतं. बॅचमध्ये सत्तेचाळीस मुलं होती एवढं त्याला पक्कं आठवत होतं. तीन-तीन मोजून पाहिलं. पन्नास नावं झाली आणि एक शब्द उरला.

छत्तीस मुलांची नावं तीन शब्दांची होती. अकरा मुलं शेख आणि सय्यद. त्यांच्यातल्या दहा जणांची नावं चार शब्दांची. पहिलं असं नाव आलं की तिथून पुढे सगळं एकेका घराने सरकत होतं. 'शेख समीर शेख' नावाचा एक मुलगा तयार झाला, मग 'नजीर शेख मोहसीन' नावाचा दुसरा, आणि पुढे एका जाधवाच्या पोराला भलत्याच घरात जावं लागलं. मी म्हटलं, थांब, नियम बदलू. नाव शेख किंवा सय्यदने सुरू झालं तर चार शब्द घे, नाहीतर तीन. हा नियम छान चालला, अकराव्या नावापर्यंत. ती मुलगी. तिचं नाव शाळेत 'शेख अमीना रफिक' असं तीनच शब्दांत लागलं होतं. नियमाने चौथा शब्द ओढून घेतला आणि यादीतल्या पुढच्या मुलाचं आडनाव तिच्या नावामागे जाऊन बसलं. अमीनाच्या घरात एक गायकवाड आले.

आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं. शेवटी क्लासच्या कपाटात हजेरीची वही सापडली, पण ती सापडेपर्यंत आठवडा गेला होता. अमीनाला ते प्रमाणपत्र एका भरतीच्या अर्जाला जोडायचं होतं. तारीख टळली. तिचे अब्बा माझ्याकडे आले, भांडायला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बेटा, नाव तर आम्ही बरोबर लिहून दिलं होतं ना?" मी हो म्हटलं. त्यावर बोलायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही. कारण जे माझ्या लॉगमध्ये झालं, तेच मराठवाड्यातल्या आपल्या नावांचं कागदोपत्री होत आलं आहे. फक्त तिथे चूक एका ओळीची नाही, आणि हजेरीची वही सापडेलच असंही नाही.

आपल्या जुन्या महसुली कागदांकडे बघा. १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी दप्तर उर्दूत चालायचं. त्यात माणसाची नोंद 'अमका वल्द तमका' अशी असे. वल्द म्हणजे मुलगा. बाई असेल तर 'जौजे', म्हणजे बायको. पुढे दप्तर मराठीत आलं तेव्हा 'वल्द'च्या जागी 'पि.' आला, पिता. 'जौजे'च्या जागी 'भ्र.' आला, भ्रतार. सातबाऱ्यावर, कोर्टाच्या नोटिशीत हे 'पि.' आणि 'भ्र.' आपण आजही वाचतो. पुणे-मुंबईकडच्या माणसाला त्यांचा अर्थ विचारावा लागतो. आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही तो माहीत असतो.

माझ्या धंद्याच्या नजरेने बघितलं, तर ही फार शहाणी व्यवस्था होती. हुकुमातले तुकडे दोन तऱ्हेने ओळखता येतात. एक, त्यांच्या जागेवरून: पहिला तुकडा म्हणजे हे, दुसरा म्हणजे ते. दोन, त्यांच्यापुढे लावलेल्या पाटीवरून: पाटी सांगते की पुढे येतंय ते काय आहे. जागेवरून ओळखायचं तर एक शब्द कमी-जास्त झाला की सगळं कोसळतं. पाटी असली की शब्द कितीही असोत, काही बिघडत नाही. 'वल्द', 'पि.', 'भ्र.' या अशाच पाट्या होत्या. त्यांच्या अलीकडे माणसाचं नाव, दोन शब्दांचं असो की पाच. पलीकडे बापाचं किंवा नवऱ्याचं. 'पठाण इम्रान खान पि. पठाण सलीम खान' यात कुठे तोडायचं, हे आंधळ्यालाही कळेल.

मग तीन रकान्यांचे अर्ज आले. नाव, मधलं नाव, आडनाव. पाट्या गेल्या, जागा आल्या. ज्यांची नावं मुळात तीन शब्दांची होती, त्यांना काही जाणवलं नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येक घरात प्रत्येक कारकुनाने आपापल्या समजुतीने तोडफोड केली. 'शेख समीर शेख नजीर' कुठे 'समीर नजीर शेख' झाला, कुठे नाव 'शेख' आणि आडनाव 'नजीर' झालं, कुठे मधल्या नावाच्या रकान्यात 'समीर शेख' बसलं. 'खान' कधी नावाला चिकटलं, कधी सुटलं. अब्दुल रहमानची तर वेगळीच तऱ्हा. अरबीत 'अब्दुल' हे एकट्याचं नावच नाही. रहमानचा बंदा, असा मिळून तो एक शब्दसमूह आहे. अर्जात मात्र 'अब्दुल' हे नाव झालं आणि 'रहमान' हा त्याचा बाप. ज्याला अवतरण चिन्हांची गरज होती, त्याला कुणी ती दिली नाहीत.

एकेका अर्जापुरतं हे चालून गेलं. अडचण तेव्हा आली जेव्हा तोडलेले तुकडे पुन्हा जोडून एकमेकांशी ताडून बघायची वेळ आली. आधार कार्डावर नाव एका सलग ओळीत असतं. पॅनच्या अर्जात आडनाव, नाव, मधलं नाव असे वेगळे रकाने भरावे लागत आले. दोन्ही जोडायची मुदत वाढत वाढत ३० जून २०२३ ला संपली आणि न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली. त्या काळात आपल्याकडच्या सेवा केंद्रांपुढे रांगा होत्या. कितीतरी जण हातात दोन्ही कार्डं घेऊन उभे होते, आणि दोन्हीवर त्यांचंच नाव होतं. संगणक म्हणत होता, हे दोघे वेगळे आहेत.

पाटोद्याच्या पोराला यातून जावं लागतं तेव्हा त्याला वाटतं की घोटाळा आपल्याच नावात आहे. तसं नाही. दक्षिण भारतात कितीतरी जणांना आडनावच नसतं. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांसाठी नियम केला की पासपोर्टवर एकच नाव असेल तर प्रवेश नाही, तेव्हा अशा अनेकांची विमानतळावर पंचाईत झाली. २०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी या जपानमध्ये राहणाऱ्या अमेरिकन प्रोग्रॅमरने नावांबद्दलच्या आमच्या धंद्यातल्या खोट्या समजुतींची एक लांब यादीच लिहिली होती. ती अजून वाचली जाते, आणि वाचून विसरली जाते. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेचाही सल्ला असाच आहे: नावाचे तुकडे मागायची खरंच गरज आहे का, ते आधी बघा, नसेल तर एकच लांब चौकट द्या.

आपल्या राज्याने मार्च २०२४ मध्ये आणखी एक निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची. आईचं नाव कागदावर आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. नऊ महिने जिने वाढवलं तिचं नाव यायला एवढी वर्षं लागली, हीच शरमेची गोष्ट. पण प्रोग्रॅमर म्हणून मला पुढचं दिसतं. आता चार रकाने आहेत, आणि आपल्याकडे चार शब्दांची नावं आधीच आहेत. कुणीतरी घाईत 'शेख समीर शेख नजीर' त्या चार घरांत एकेक शब्द टाकत जाईल. मग आईच्या जागी जे बसेल ते आई नसेल. हा निर्णय चांगला आहे, म्हणूनच तो राबवताना रकान्यांवर पाट्या ठळक हव्यात आणि प्रत्येक रकान्यात दोन-तीन शब्द मावायला हवेत.

यावर मला तीन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला माझ्याच धंद्यातल्यांचा. ते म्हणतात, तुकडे केल्याशिवाय शोधायचं कसं? आडनावाप्रमाणे यादी लावायची कशी? बरोबर आहे. तोडू नका असं मी म्हणत नाही. शेलने ओळ तोडली नाही तर कोणताच प्रोग्रॅम चालणार नाही. माझं म्हणणं एवढंच की तोडण्याआधीची ओळ ठेवा. तुकडे तुमच्या कामासाठी आहेत, ते तुमच्याकडे असू द्या. कागदावर छापायचं, माणसाच्या हातात द्यायचं ते त्याने लिहून दिलेलं नाव, तुमच्या तुकड्यांपासून शिवलेलं नाही. एक जादा रकाना ठेवायला आजच्या काळात जागा किती लागते? माझ्या बॅचमधल्या सत्तेचाळीस जणांची पूर्ण नावं मोबाइलच्या एका फोटोच्या शंभराव्या हिश्शातही मावतील.

दुसरा आक्षेप मित्रांचा. ते प्रेमाने म्हणतात, "अरे, तुम्ही सगळ्यांसारखं एक आडनाव घेऊन टाका ना. कटकट मिटेल." पुष्कळ घरांनी घेतलंही आहे आणि त्यात काही वाईट नाही. पण ज्याला घ्यायचं आहे त्याने आपल्या मर्जीने घ्यावं. चौकट लहान आहे म्हणून माणसाने नाव कापावं, हे मला पटत नाही. आणि एक सांगतो, नाव बदलून राजपत्रात छापून घेतलं तरी जुन्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तेच राहतं. वारस म्हणून उभं राहायच्या दिवशी दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे पुन्हा सिद्ध करावंच लागतं.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, आपल्या लोकांवर. आपणही आपल्या नावाशी नीट वागत नाही. शाळेत मास्तरांना एक सांगायचं, रेशन कार्डावर दुसरं, मतदार यादीत तिसरं. 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग एकाच घरात तीन तऱ्हांचं. मुलगी असेल तर नावामागे कधी 'बी', कधी 'बेगम', कधी काहीच नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "क्या फरक पडता है, समझ जाते." गावात समजून जात होते, हे खरं. तलाठी ओळखीचा, मास्तर ओळखीचे. आता समोर संगणक आहे, त्याला ओळख लागत नाही, अक्षरं लागतात. मूल जन्मलं की पहिल्या कागदावर नाव कसं लिहायचं ते घरात बसून ठरवा, एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, आणि शेवटपर्यंत तसंच लिहा. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. तोडणाऱ्यांना जाब विचारायचा तर आपली मूळ ओळ आपल्याकडे तरी एकसारखी हवी.

लेखाच्या सुरुवातीला मी दोष माझा आहे म्हटलं होतं. त्यावर मी बराच विचार केला आहे. लॉग लिहिताना मला जागेचा प्रश्न पडला नाही, कारण चाचणी घेताना मी जी नावं टाकली ती माझ्या मनाची होती: पाटील, कुलकर्णी, देशमुख, एकेका शब्दाची. मी स्वतः चार शब्दांच्या नावाचा माणूस. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं. तरीही चाचणीला मी माझं नाव टाकलं नाही. संगणकासमोर बसलं की आपलं नाव अवघड आणि दुसऱ्याचं साधं, हे मी कधी शिकलो ते मला आठवत नाही. पण शिकलो होतो. आपल्यातली जी पोरं आता या धंद्यात येत आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे. प्रोग्रॅम तपासताना पहिलं नाव आपल्या अब्बांचं टाका आणि दुसरं आजीचं. ती दोन नावं नीट बाहेर आली, तर बाकी जग बहुतेक नीट येईल.

क्लासचा प्रोग्रॅम मी दुरुस्त केला. आता लॉगमध्ये प्रत्येक नाव वेगळ्या ओळीवर जातं, आणि चौकटीत जसं टाइप झालं तसंच जातं. चौकटही तीनऐवजी एकच केली. ऑपरेटरला ते पहिल्या दिवशी आवडलं नाही. नव्या बॅचची एक मुलगी समोर उभी होती आणि तो मला फोनवर विचारत होता, "सर, आडनाव आधी टाकू की शेवटी?"

मी म्हटलं, "तिला विचार. ती सांगेल तसं टाक."